हालअपेष्टा माणसाला घडवतात काय?

गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असला की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते. वक्ते सांगतात, "आम्ही रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला, अनवाणी शाळेत गेलो, म्हणून आज इथे उभे आहोत. आजच्या मुलांना सारे आयते मिळते." सभागृहात टाळ्या पडतात. बोलणारा खोटे बोलत नसतो. ते दिवस त्याने खरोखरच काढलेले असतात. परंतु त्या वाक्यातील 'म्हणून' हा शब्द मात्र तपासून घेण्यासारखा आहे. त्याच वस्तीत, तसल्याच चिमणीच्या उजेडात बसणारी आणखी वीस-पंचवीस मुले होती. ती कुठे गेली? कोणी सातवीत शाळा सोडली, कोणी वीटभट्टीवर गेले, कोणी दारूत संपले. त्यांना व्यासपीठावर कोणी बोलावत नाही, म्हणून त्यांचे म्हणणे आपल्या कानांवर येत नाही. हालांनीच माणूस घडत असता तर आपल्या वस्त्यांमधून घरटी एक विद्वान निघाला असता.

हा केवळ शब्दाचा कीस नव्हे. संस्थेच्या बैठकीत एखाद्या विद्यार्थ्याला मदत द्यायची की नाही असा विषय निघतो तेव्हा एखादे ज्येष्ठ सभासद म्हणतात, "थोडे सोसू द्या, सोसल्याशिवाय कणखर होत नाही." निर्णय त्या एका समजुतीवर फिरतो. त्यामुळे ती समजूत कितपत खरी आहे, हे सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनीही समजून घेणे आवश्यक आहे. ती पूर्ण खोटी नाही, आणि घोळ होतो तो त्यामुळेच.

प्रथम आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या नारायण पेठेत, केसरीवाड्यापासून पत्र्या मारुतीपर्यंत आणि पुढे सदाशिव व शनिवार पेठेत, सकाळी सहाला फेरी मारली तर पाठीला दप्तर लावलेली हजारो मुले-मुली अभ्यासिकांकडे जाताना दिसतील. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, सांगलीकडचे दुष्काळी तालुके अशा भागांतून ही मुले स्पर्धा परीक्षांसाठी आलेली असतात. जुन्या वाड्यातील एका खोलीत पाच-सहा खाटा टाकलेल्या; भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते. त्याला इथे 'कॉट बेसिस' म्हणतात. अभ्यासिकेतील खुर्चीचे भाडे वेगळे, मेसचे वेगळे. महिनाअखेरीस पैसे कमी पडले की अनेक जण एक वेळची मेस बंद करतात आणि घरी फोनवर "जेवलो" असे सांगतात. काहीशे जागांसाठी लाखांवर अर्ज, परीक्षा पुढे ढकलल्या जाणे, निकाल लांबणे, या साऱ्यांत वयाची पाच-सहा वर्षे निघून जातात. यांपैकी काही मुले त्या कष्टांतून विलक्षण तयार होऊन निघतात. काही आतून मोडतात, आणि मोडल्याचे कोणाला कळतही नाही. दोघांचे हाल सारखेच असतात. मग फरक कशाने पडतो?

याच पेठांचा जुना इतिहास या प्रश्नावर थोडा प्रकाश टाकतो. 'आम्ही माधुकरी मागून शिकलो' ही गोष्ट पुण्याच्या कितीतरी थोरांच्या चरित्रांत येते. गरीब ब्राह्मण विद्यार्थी कोकणातून, देशावरून पुण्यात येई, पाच घरी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्याचे कष्ट खरे होते. परंतु नीट पाहिले तर त्या कष्टांभोवती एक जाळे विणलेले होते. सात दिवसांची सात घरे होती, झोपायला कोणाचा तरी ओटा किंवा देऊळ होते, आणि वाराच्या घरची बाई "काल का आला नाहीस रे?" असे विचारीत असे. त्याच काळात महार, मांग, चांभार समाजातील मुलाला या पेठांतील एकाही ओट्यावर पाऊल ठेवता येत नव्हते. दोघेही गरीब, दोघेही उपाशी. एकाची उपासमार पुढे त्याच्या यशाची कहाणी झाली, दुसऱ्याची उपासमार उपासमारच राहिली. त्याच्यासाठी ते जाळे मुद्दाम विणावे लागले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे सुरू केली, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग उभे केले आणि डॉ. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह चालू केले. या सर्वांना हाल म्हणजे काय ते पुरते ठाऊक होते. तरीही 'सोसू द्या, घडतील' असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही. सगळ्यांनी आधी राहण्या-जेवण्याची सोय केली.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या एका बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह सुरू केला आणि ती मुले चाळिशीला येईपर्यंत तो चालू ठेवला. बेटावरील बरीच कुटुंबे उसाच्या मळ्यांवर राबणारी होती. या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले अत्यंत बिकट परिस्थितीत वाढत होती: गरिबी, घरात भांडणे, बापाचे व्यसन, आईचा मानसिक आजार. अशा मुलांपैकी बहुतेकांना पुढे शिक्षणात, वागणुकीत किंवा मनःस्वास्थ्यात अडचणी आल्या. मात्र साधारण तीनातील एक मूल आत्मविश्वासाचे, कामसू आणि इतरांची काळजी घेणारे असे मोठे झाले. या तिसऱ्या मुलात काय वेगळे होते, याचा शोध वर्नरबाईंनी घेतला. काही अंशी मुलाचा मूळ स्वभाव शांत आणि माणसाळू होता. पण सर्वांत ठळकपणे दिसले ते असे की, जवळपास प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक मोठे माणूस असे होते की ज्याने त्या मुलाला मनापासून आपले मानले होते. ते आईबापच असावे असे नाही. कोणाची आजी, कोणाची शिक्षिका, कोणाचा शेजारी.

याचे शारीरिक कारणही आता बरेच उलगडले आहे. संकट आले की शरीर सावध होते, छाती धडधडते, कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात वाढते. संकट टळले आणि कोणी जवळ घेतले की सारे पूर्ववत होते. असे थोडेफार चढउतार मुलाला उपयोगीच पडतात. पहिल्यांदा शाळेत जाणे, स्पर्धेत हरणे, आजारी भावाची शुश्रूषा करणे. 'आपण यातून निभावलो' ही आठवण पुढच्या प्रसंगाला बळ देते. अमेरिकेतच दोन हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या वाट्याला काहीच संकट आले नाही अशांपेक्षा ज्यांनी थोडी संकटे पाहिली ते मनाने अधिक सुदृढ आढळले. मात्र ज्यांच्यावर संकटांचा डोंगर कोसळला त्यांची स्थिती वाईट होती. व्यासपीठावरील वक्त्याचे म्हणणे अर्धे खरे का, ते इथे कळते. धोका कुठे आहे? सावधानतेची घंटा वर्षानुवर्षे वाजतच राहिली आणि ती थांबवायला जवळ कोणी नसले तर तीच यंत्रणा शरीराला पोखरू लागते. झोप, स्मरणशक्ती, एकाग्रता यांवर परिणाम होतो. फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की, बालपणी भोगलेल्या आघातांची संख्या जितकी जास्त, तितके पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारासारख्या आजारांचे प्रमाण जास्त.

मराठीत या संदर्भात दोन शब्द आहेत, ते वेगळे ठेवले तर बरे. एक चिवटपणा आणि दुसरा उभारी. चिवटपणा म्हणजे तग धरणे. तो हालांतून येऊ शकतो; आपल्या आया-बहिणींमध्ये तो जन्मभर दिसतो. उभारी म्हणजे पडल्यावर उठून पुढची वाट धरण्याचे बळ. ती बहुधा कोणाच्या तरी हाताला धरून येते.

परदेशातील अभ्यासांवर विश्वास ठेवायचा की नाही, असे कोणी म्हणेल. आपल्याच महापुरुषांची चरित्रे घ्या. नारायण पेठेतून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. (तो जीर्ण वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला.) जोतीराव लहान असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या स्वतः बालविधवा होत्या, एका मिशनरी साहेबाकडे मुले सांभाळण्याचे काम केल्यामुळे शिक्षणाचे मोल जाणत होत्या. पुढे लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी जोतीरावांना शाळेतून काढले आणि मुलगा मळ्यात राबू लागला. इथेच ही गोष्ट संपली असती. परंतु शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी मुलाची हुशारी पाहून गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. या दोन शेजाऱ्यांनी फार मोठे काही केले नाही. ते एका बापाशी बोलले, एवढेच. पण ते बोलले नसते तर पुढचे काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

बाबासाहेबांचे बालपण आपल्याला पाठ आहे. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागे, बसायचे तरटही घरून न्यावे-आणावे लागे, आणि शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही. हे आपण दरवर्षी १४ एप्रिलला सांगतो. त्यामानाने कमी सांगतो ती त्या बालपणाची दुसरी बाजू. सहाव्या वर्षाच्या सुमारास आई गेली तेव्हा अपंग असलेल्या मीराआत्याने त्यांना पोटाशी धरले. मुंबईला परळच्या चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राहत असताना वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर झोपत. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण पडत. बागेत वाचत बसलेल्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. रामजींच्या चौदा अपत्यांपैकी अनेक लहानपणीच दगावली, आणि जगलेल्या भावंडांत परीक्षा उत्तीर्ण होऊन हायस्कूलला गेले ते भीमरावच. बुद्धिमत्ता आणि जिद्द त्यांची स्वतःची, यात वाद नाही. परंतु अपमान सोसल्यामुळे ते मोठे झाले असे म्हणणे म्हणजे अपमान करणाऱ्यांना श्रेय देणे होय. ते श्रेय मीराआत्याचे, रामजींचे आणि केळुसकरांचे आहे.

आणखी एक गोष्ट या दोन्ही घरांत घडली, ती तितकीच महत्त्वाची आहे. ही परिस्थिती आपल्या दोषामुळे आलेली नाही, ती अन्यायाने लादलेली आहे, हे मुलांना कळले. जे मूल स्वतःला नालायक समजते ते मार खाऊन गप्प होते. ज्या मुलाला कारण कळते ते प्रश्न विचारू लागते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखांवर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांच्या यातना तिने त्यात मांडल्या आहेत. शाळेत येण्यापूर्वीही तिने ते सारे पाहिलेच असणार. तीन वर्षांच्या शिक्षणाने तिला ते म्हणण्याची भाषा दिली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही पुस्तके आली. विद्यार्थ्यांनी ती केवळ दुःखाची वर्णने म्हणून वाचू नयेत. प्रत्येक पुस्तकात, कोणाच्या पुढे केलेल्या हाताने हा लेखक तरला, ते शोधावे. कुठे बहीण आहे, कुठे वसतिगृह आहे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) वडिलांच्या माघारी सतत टोपल्या विणत बसलेली आई आहे.

त्या आईवरून कामाचा विषय निघतो. वर्नरबाईंना असेही दिसले की, तरून गेलेल्या मुलांपैकी अनेकांवर लहानपणी घरची काही खरी जबाबदारी होती. भावंडे सांभाळणे, घरी थोडे कमावून आणणे. 'माझ्यावाचून अडते' ही जाणीव मुलाला उंच करते. कर्मवीरांच्या बोर्डिंगात मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत. 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेने सिद्ध करून दाखवले आणि पुणे विद्यापीठातही त्या नावाची योजना चालते. मात्र इथे एक काळजी घ्यावी लागते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आपल्या घरांतून थोरली मुलगी पहाटे पाणी भरते, स्वयंपाक करते, धाकट्यांना तयार करते आणि मग शाळेला जाते. तिला आपण कौतुकाने 'समजूतदार' म्हणतो. जोवर ती शाळेला जाते आहे आणि तिच्या कामाची घरात कदर आहे, तोवर ती जबाबदारी होय. ज्या दिवशी कामामुळे तिची शाळा बुडू लागते त्या दिवसापासून ते शोषण आहे, मग ते आईबापांच्या हातून, नाइलाजाने का होईना. तिच्या समजूतदारपणाचे कौतुक करणाऱ्या आपण शेजाऱ्यांनी तिच्या हजेरीचीही चौकशी करावी.

यशस्वी झालेल्या मुलांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांची काळजी सहसा कोणी करत नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील खेड्यांत राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय मुलांचा जीन ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. यातील जी मुले शाळेत हुशार, शिस्तीची, मन आवरून वागणारी होती, ती पुढे अभ्यासात आणि वागण्यात चांगलीच निघाली. परंतु एकोणिसाव्या वर्षी तपासणी केली तेव्हा त्यांपैकी सर्वांत गरीब घरांतून आलेल्या हुशार मुलांच्या शरीरावर ताणाच्या खुणा अधिक होत्या: वाढलेला रक्तदाब, ताणाची संप्रेरके जास्त. बाहेरून सारे ठीक, आत शरीर किंमत मोजत होते. आपल्या समाजातील पहिल्या पिढीचे अधिकारी, प्राध्यापक, बँकेतील कर्मचारी यांनी हे वाचून स्वतःकडे पाहावे. घरातला पहिला पगार, त्यावर सगळ्या भावकीच्या अपेक्षा, कचेरीत दुप्पट काम करून स्वतःला सिद्ध करण्याचा अट्टहास, आणि दमलो असे म्हणायला जागा नाही. पंचेचाळिशीत रक्तदाबाची गोळी सुरू झाली की आपण ती वयावर ढकलतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे पेठेतील खोल्यांतून राहतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली अशी की, तुमच्या बालपणाने तुम्हाला जे दिले आहे ते कमी लेखू नका. दहाव्या वर्षी रेशनच्या रांगेत उभे राहून हिशोब चोख आणणारे, तहसील कचेरीत बापासाठी अर्ज लिहून देणारे, अनोळखी माणसाचा कल बोलण्यावरून ओळखणारे तुम्ही आहात. बंगल्यात वाढलेल्या मुलाला हे शिकायला नोकरीतील पहिली पाच वर्षे लागतात. मुलाखतीत या गोष्टी लपवू नका.

दुसरी गोष्ट थोडी कठीण आहे. चिवटपणाच्या नावाखाली पुष्कळ जण एकाच परीक्षेला सहा-सहा, सात-सात वर्षे चिकटून राहतात. 'हार मानायची नाही' असे भिंतीवर लिहिलेले असते. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे खडतर तप केले, शरीराचा सापळा झाला, आणि या मार्गाने काही साधत नाही असे दिसताच त्याने तो मार्ग सोडला, सुजातेची खीर घेतली. बरोबरचे पाच जण त्याला ढिला पडलेला समजून निघून गेले. पुढे सारनाथला पहिला उपदेश ऐकला तो याच पाच जणांनी. किती प्रयत्न आणि किती पैसे, याची मर्यादा पहिल्या वर्षीच घरच्यांशी बोलून ठरवावी आणि दुसरी वाट, मग ती बी. एड. असो, आय. टी. आय. असो, धंदा असो, तेव्हापासूनच चालू ठेवावी. कवाई बेटावरील ज्या मुलांचे वयाच्या अठराव्या वर्षी सारे बिघडलेले होते, त्यांतील बरीच तिशी-चाळिशीत सावरली, आणि ती सावरली ते पुन्हा शिकण्याची संधी मिळाल्याने, सैन्यात गेल्याने, चांगला जोडीदार लाभल्याने. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली ती याच विश्वासावर की, शाळेचे वय निघून गेले तरी शिकायचे वय जात नाही.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात अर्थ वाटेना असे दोन आठवड्यांवर चालले, तर तो तुमचा कमकुवतपणा समजू नका. ताप आल्यावर दवाखान्यात जातो तसे जावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

आता सभासदांकडे वळतो. देणगी देऊन आपण मोकळे होतो, पण वर पाहिले त्यावरून उणीव वेगळीच दिसते. गावाहून आलेल्या मुलाला शहरात विचारणारे एक माणूस हवे असते. बँकेतून निवृत्त झालेल्या सभासदाने दोन मुलांची नावे घ्यावीत आणि दर रविवारी त्यांना फोन करावा. "अभ्यास कसा चालला आहे?" हा पहिला प्रश्न नसावा. पेठेतल्या मुलाला तो प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकावा लागतो. "मेस चालू आहे ना?" असे विचारावे, आणि "हो" असे उत्तर आले तरी जरा थांबावे. रविवारी जेवायला घरी बोलावले तर फारच उत्तम. वाराच्या जेवणाची पद्धत वाईट नव्हती, आपल्या मुलांना ती बंद होती एवढाच तिचा दोष. अट एकच की, हे काम सहा महिन्यांत सोडून देऊ नये. आधी धरून मग सोडलेला हात मुलाला अधिक लागतो.

पैशाच्या बाबतीतही थोडी अक्कल वापरता येईल. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाहासाठी पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम खात्यावर मिळते. मात्र ती नियमित महाविद्यालयीन अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, केवळ स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नाही, हे अनेकांना पुण्यात आल्यावर कळते. पात्र मुलांचीही गाडी अडते ती पुष्कळदा कागदांवर: उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, गुणपत्रिका, खात्याला आधार जोडणी. त्यातही पैसे हाती पडायला महिने लागतात, आणि खोलीमालक महिने थांबत नाही. अशा वेळी संस्थेने तीन-चार महिन्यांचे खाटभाडे उसने द्यावे आणि स्वाधारचे पैसे आले की परत घ्यावे. परत घ्यावे, असे मुद्दाम म्हणतो. दान घेतलेला मुलगा नजर चुकवतो, उसने फेडलेला मुलगा पुढच्या बैठकीत मान वर करून बसतो. फेड पैशाने होत नसेल तर कामाने होऊ द्यावी. विहारात रविवारी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवणारे कोणी नाही, अशी तक्रार आपण किती वर्षे करत आहोत. नारायण पेठेतून तिथवर पी. एम. टी. ने, म्हणजे आता पी. एम. पी. एम. एल. ने, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. अर्जांच्या तारखा जवळ येण्याआधी, म्हणजे बारावीचा निकाल लागल्या आठवड्यातच, दाखल्यांची यादी फलकावर लावावी आणि ती समजावून द्यायला मागच्या वर्षी अर्ज भरलेल्या विद्यार्थ्यालाच बसवावे.